पडद्यावरची बाहुली, धुऱ्यावरची सावली



तुरीच्या शेंगा भरत आल्या आहेत, हरभऱ्याला फुले लागली आहेत, कापसाची वेचणी चालू आहे. दिवसा कुणाला उसंत नाही. पण मार्गशीर्ष-पौषाची रात्र मोठी असते. सहाला अंधार पडतो, साडेसातला जेवणे आटोपतात आणि झोपेपर्यंतचे दोन तास घरातली मुले मोबाइलमध्ये डोके घालून बसतात. म्हणून या वेळी खताचा हप्ता आणि अळीची फवारणी बाजूला ठेवून त्या दोन तासांसाठी एक खेळ सांगणार आहे. खेळ आहे सावलीच्या बाहुल्यांचा. खर्च जवळजवळ काहीच नाही. या खेळातून मुलांना जे कळेल त्याचा वावरातही उपयोग आहे, तोही शेवटी सांगेन. तेव्हा ‘हे पोरासोरांचे काम’ म्हणून पान उलटू नका.

सावली कशी पडते हे शाळेत शिकवतातच. मुले घडाघडा म्हणतात की, अपारदर्शक वस्तू प्रकाशाच्या वाटेत आली की तिची सावली पडते. पण त्याच मुलाला विचारा, ‘दिवा मालवल्यावर तुझी सावली कुठे गेली?’ लहान मुले सांगतात, ती लपली, किंवा ती पण झोपली. सावलीचे चित्र काढायला सांगा. कितीतरी मुले सावलीलाही डोळे आणि तोंड काढतात. म्हणजे व्याख्या पाठ झाली, पण मनात सावली ही आपल्यामागे फिरणारी एक वस्तूच राहिली. आणि अशी वस्तू म्हटली की तिचे भयही आले. रात्री गोठ्याच्या भिंतीवर काहीतरी मोठे काळे हलले की मूल किंकाळी फोडते, आणि आपणही ‘जाऊ नको तिकडे’ म्हणून त्याला आत ओढतो.

आपल्या शेतीखात्यात एक जुना नियम आहे. शेतकऱ्याला नवे वाण नुसते सांगून पटत नाही. त्याच्याच बांधाजवळ प्रात्यक्षिकाचा प्लॉट करून दाखवावा लागतो. मुलांचेही तसेच आहे. त्यांनी स्वतः अंदाज बांधावा, करून पाहावे, आणि मग कारण शोधावे. आधी अंदाज, मग खेळ, मग कारण. हा क्रम मोडू नका. उत्तर आधीच सांगून टाकलेत तर खेळाची निम्मी गोडी गेली आणि शिकणे तर सगळेच गेले.

आपल्याच महाराष्ट्रातली कला

सावलीच्या बाहुल्या ही काही परदेशातून आलेली टूम नव्हे. सिंधुदुर्ग जिल्ह्यात कुडाळजवळ पिंगुळी म्हणून गाव आहे. तिथल्या ठाकर समाजाने चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ पिढ्यान्‌पिढ्या सांभाळला आहे. पातळ केलेल्या कातड्यातून राम, रावण, हनुमान कोरायचे, त्यांना भोके पाडून दागिने दाखवायचे, पडद्यामागे दिवा ठेवायचा आणि गात गात कथा सांगायची. हा ठेवा जपणारे पिंगुळीचे परशुराम गंगावणे यांना भारत सरकारने २०२१ साली पद्मश्री दिली. त्यांनी आपल्या घराजवळ या बाहुल्यांचे आणि चित्रकथीच्या चित्रांचे संग्रहालयही उभे केले.

आंध्रात अशा खेळाला तोलू बोम्मलाटा म्हणतात, केरळात तोलपावकूत्तू, ओडिशात रावणछाया. आंध्र-कर्नाटकाकडे हा खेळ करणाऱ्या बऱ्याच घराण्यांत मराठीशी नाते असलेली बोली आजही बोलली जाते. कुठे बाहुली माणसाएवढी मोठी आणि रंगीत, कुठे लहान आणि नुसती काळी. पण सगळीकडे दिवा, बाहुली आणि पडदा या तीनच गोष्टी लागतात. आपल्यालाही तेवढ्याच लागणार आहेत.

साहित्य घरातलेच

पडद्यासाठी पांढरे धोतर किंवा जुनी पांढरी चादर घ्या. मधल्या दाराच्या चौकटीला ताणून बांधा. निम्मी मंडळी खोलीत, निम्मी ओसरीवर. बाहुलीसाठी जुन्या लग्नपत्रिकेचा किंवा बुटाच्या खोक्याचा पुठ्ठा चालतो. त्यावर बैल, मोर, उंदीर, काठी टेकणारी आजी, वखर धरलेला गडी, जे मुलांच्या मनात येईल ते काढून कापा. डोळ्याच्या जागी दाभणाने भोक पाडा. बैलाची मान वेगळी कापून दोऱ्याने गाठ मारून जोडली तर ती हलते. मागून तुराटीची सरळ काडी किंवा खराट्याची हीर डिंकाने चिकटवा. बाभळीचा डिंक असेल तर उत्तम.

उजेडाला मोबाइलची बॅटरी किंवा हातातली विजेरी घ्या. कंदील किंवा चिमणी कापडाजवळ मुळीच नको. सुती पडदा पेटायला वेळ लागत नाही. बॅटरी कुणाच्या डोळ्यावर मारायची नाही, हेही आधीच बजावून ठेवा. बाकीचे दिवे मालवा.

पहिला खेळ : सावलीला काय काय लागते?

बॅटरी पडद्यापासून तीन हातांवर ठेवा आणि मध्ये बैल धरा. पलीकडच्यांना पडद्यावर बैल दिसेल. आता विचारा, ‘बॅटरी बंद केली तर बैलाची सावली राहील का?’ सगळ्यांचे उत्तर ऐकून घ्या, मग बंद करा. पुन्हा लावा आणि विचारा, ‘बैल बॅटरीच्या मागे नेला तर?’ नेऊन पाहा. पडद्यावर काहीच नाही.

दोनदा-तीनदा केले की मुलेच सांगू लागतात की, दिवा पाहिजे, मध्ये अडवणारे काही पाहिजे, आणि सावली झेलायला पडदा पाहिजे. तिन्हींतले एक गेले की सावली दिसत नाही. मग सांगा, ‘बैलातून काही निघाले नाही. बैलाने उजेड अडवला आणि जिथे उजेड पोचला नाही ती जागा तेवढी काळी दिसली.’ पाटाचे पाणी सोडले आणि मध्ये ढेकूळ आले तर त्याच्या मागची जागा कोरडी राहते. ती कोरडी जागा ढेकळाने तयार केलेली नसते. पाणी तिथे गेले नाही इतकेच. फरक एवढाच की पाणी ढेकळाला वळसा घालते, उजेड सरळ जातो.

मुलाने काढलेला सावलीचा डोळाही आता तपासा. बाहुलीवर पेनाने डोळा काढला तर तो पडद्यावर येतो का? येत नाही. दाभणाने भोक पाडले तर? येतो, कारण भोकातून उजेड जातो. सावली फक्त कडा सांगते, आतले काही सांगत नाही. हे लहान मुलालाही पटते.

दुसरा खेळ : सावली कुठून कुठवर असते?

हा खेळ मोठ्यांनाही चकवतो. बैल आणि पडदा यांच्यामध्ये जागा ठेवा. त्या मोकळ्या जागेत वहीचा पांढरा कागद धरा. कागदावर बैल दिसेल. कागद हळूहळू पडद्याकडे सरकवत न्या. सावली वाटेत सगळीकडे सापडते. म्हणजे सावली फक्त पडद्यावर नाही. बैलाच्या मागे पडद्यापर्यंत अंधाराचा एक बोगदाच आहे. पडद्यावर दिसते ते त्याचे टोक. ही गोष्ट ध्यानात ठेवा, ग्रहणाच्या वेळी कामाला येणार आहे.

तिसरा खेळ : उंदीर बैलापेक्षा मोठा

तीन बोटे लांबीचा उंदीर आणि दहा बोटे लांबीचा बैल घ्या. विचारा, ‘उंदराची सावली बैलाच्या सावलीपेक्षा मोठी करता येईल का?’ वाद होऊ द्या. मग बैल पडद्याला टेकवा. त्याची सावली दहाच बोटे. उंदीर मात्र बॅटरीपासून अर्ध्या हातावर आणा. पडदा तीन हातांवर, म्हणजे सहापट अंतर. उंदराची सावली अठरा बोटे होते! मधोमध दीड हातावर धरला तर दुप्पट, एका हातावर धरला तर तिप्पट. पाचवी-सहावीतल्या मुलांना बोटांनी मोजून वहीत लिहू द्या. इथे त्रैराशिक आपोआप येते.

कारण दाखवायला सुतळी घ्या. एक टोक बॅटरीपाशी धरा, सुतळी बैलाच्या शिंगाला चाटून ताणत पडद्यापर्यंत न्या. ती बरोबर सावलीच्या शिंगावर जाऊन टेकते. उजेड सुतळीसारखा सरळ जातो, याहून सोपा पुरावा नाही.

याच वेळी भीतीची गोष्ट काढा. गोठ्यातल्या भिंतीवर दिसणारा तो राक्षस कोण? बल्बजवळ उडणारा पतंग किंवा खुंटीवरची दोरी. रात्री बॅटरी घेऊन मुलाला त्या जागी न्या आणि सांगा, ‘याला लहान करून दाखव.’ जे त्याला स्वतःला लहान-मोठे करता येते त्याची भीती त्याला फार दिवस वाटत नाही.

चौथा खेळ : कडा ठळक का, पुसट का?

बाहुली बॅटरीसमोर धरा, मग ट्यूबलाइटखाली जमिनीवर सावली पाडून पाहा. बॅटरीची सावली रेखीव, ट्यूबची पुसट. आता ट्यूबखाली जमिनीपासून हातभर उंच एक काडी धरा. काडी ट्यूबच्या दिशेने समांतर धरली की सावली उमटते. आडवी फिरवली की जवळजवळ विरून जाते. ट्यूब लांब आहे. तिच्या एका टोकाचा उजेड अडला तरी दुसऱ्या टोकाचा काडीला चुकवून येतोच. दिवा जितका लहान तितकी कड स्वच्छ. दिवा मोठा किंवा वस्तू पडद्यापासून दूर, तर कड पुसट.

दोन मोबाइल दोन बाजूंना ठेवा म्हणजे एका बैलाच्या दोन सावल्या होतील, आणि त्या जिथे एकमेकींवर येतात तिथे गडद काळोख दिसेल. केरळात पडद्यामागे ओळीने एकवीस दिवे लावतात. मग एकवीस सावल्या का होत नाहीत? कारण बाहुली पडद्याला अगदी टेकलेली असते. बाहुली पडद्यापासून दूर न्या आणि मुलांना तपासू द्या.

आता तेलाचे बोट फिरवलेला कागद बाहुलीला लावून पाहा, चॉकलेटचा रंगीत कागदही लावा. पुठ्ठा उजेड पूर्ण अडवतो, तेलकट कागद थोडा सोडतो, रंगीत कागद आपला रंग सोडतो. आंध्रातल्या बाहुल्यांच्या सावल्या रंगीत दिसतात त्या याच कारणाने.

दिवसाच्या उजेडात

रविवारी सकाळी हीच बाहुली उन्हात न्या. ती भिंतीजवळ धरली की सावली रेखीव; पाच-सहा हात मागे सरकली की कडा पुसट. म्हणजे सूर्यही काही ठिपका नाही, तो आकाशात थोडी जागा व्यापतो. म्हणूनच उंच उडणाऱ्या घारीची सावली जमिनीवर दिसत नाही. आता पुठ्ठ्याला पेन्सिलीएवढे चौकोनी भोक पाडा आणि पाच-सहा हात दूरच्या भिंतीवर त्याचा कवडसा पाडा. भोक चौकोनी, कवडसा मात्र गोल! तो भोकाचा आकार नाही, ते सूर्याचे चित्र आहे. झाडाखाली पडणारे गोल कवडसे तेच असतात. सूर्याकडे मात्र कुणी बघायचे नाही, बघायचे ते भिंतीकडे.

मग अंगणात चार फुटांची सरळ काठी उभी रोवा. दर तासाला सावलीच्या टोकाशी एक खडा ठेवा. सावली सकाळी पश्चिमेला लांब, दुपारी आखूड, संध्याकाळी पूर्वेला लांब. सर्वांत आखूड सावली जिकडे असते ती बरोबर उत्तर दिशा. आपल्या जिल्ह्यात घड्याळाचे बारा वाजतात तेव्हा सूर्याचे मध्यान्ह झालेले नसते, ते त्यानंतर वीस-पंचवीस मिनिटांनी होते. कारण आपले घड्याळ देशाच्या पूर्वेकडच्या रेखावृत्तावर लावलेले आहे आणि आपण त्याच्या पश्चिमेला आहोत.

वर्षातून दोनदा मध्यान्हीला ही सावली काठीच्या पायाशीच नाहीशी होते. सिंदखेडराजा-लोणारकडे ते २० मेच्या सुमारास होते, बुलढाण्याला २३ मेच्या, आणि घाटाखाली जळगाव जामोदला २६ मेच्या सुमारास. जुलैच्या उत्तरार्धात पुन्हा होते, पण तेव्हा बहुधा ढग असतात. मे महिन्यात शाळेला सुट्टी असते; मुलांना तो दिवस स्वतः शोधू द्या.

सावलीचे गणित हेही आपल्या मुलखाचेच धन आहे. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त सावलीच्या गणितावर वेगळे प्रकरण आहे. बारा अंगुळांचा शंकू, दिव्याची उंची आणि दोन्हींतले अंतर यांवरून सावली काढायची. शेजारच्या जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळच्या पाटणला १२०७ च्या सुमाराचा शिलालेख आहे; भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, तिथे मठ स्थापल्याचे त्यात नमूद आहे. आपल्या मुलांना त्याच धर्तीचे एक गणित घाला. दिवा ३६ बोटे उंच, त्याच्यापासून ४८ बोटांवर १२ बोटांची काडी उभी, तर सावली किती? उत्तर २४ बोटे. आधी वहीत काढू द्या, मग जमिनीवर मोजू द्या.

ग्रहणाची सावली

सावलीचा बोगदा आठवतो ना? सूर्याच्या उजेडात आपली पृथ्वीही उभी आहे, तेव्हा तिच्याही मागे तसाच बोगदा आहे. तो निमुळता होत सुमारे १४ लाख किलोमीटरपर्यंत जातो. रोजची रात्र म्हणजे त्याच सावलीत आपण शिरणे. चंद्र आपल्यापासून पावणेचार लाख किलोमीटरांहून थोडा दूर आहे. एखाद्या पौर्णिमेला तो या बोगद्यातून जातो, तेव्हा चंद्रग्रहण होते. ७ सप्टेंबर २०२५ च्या रात्री असेच खग्रास चंद्रग्रहण भारतातून दिसले होते.

हे पडद्यावर दाखवा. जेवणाचे ताट बॅटरीसमोर धरून फिरवा. सावली कधी गोल, कधी लांबट, कधी नुसती रेघ. मग संत्रे धरून कसेही फिरवा, सावली गोलच. चंद्रावर पडणाऱ्या पृथ्वीच्या सावलीची कड दर ग्रहणात गोलच दिसते. तर पृथ्वी ताटासारखी की संत्र्यासारखी? मुले स्वतःच सांगतील.

घरातल्या वडीलधाऱ्यांचा अशा वेळी अवमान करू नका. ग्रहणात गरोदर सुनेने भाजी चिरू नये, बाहेर येऊ नये, असे आजी म्हणते ते प्रेमापोटीच म्हणते. पण आजीला खेळायला बसवा, संत्रे तिच्याच हातात द्या. सावलीतून विष येत नाही, ती उजेड न पोचलेली जागा आहे, हे तिने स्वतः पाहिले की नातसुनेला तासन्‌तास उपाशी आणि कोंडून बसवायची गरज तिलाच वाटणार नाही. चंद्राला ग्रहण लागते ते पृथ्वीच्या सावलीमुळे, हे आर्यभटाने पंधराशे वर्षांपूर्वी लिहून ठेवले आहे; हे ज्ञान आपल्याला परके नाही. चंद्रग्रहण नुसत्या डोळ्यांनी पाहता येते. सूर्यग्रहण मात्र कधीही नाही. २ ऑगस्ट २०२७ ला खंडग्रास सूर्यग्रहण आहे. ढग नसले तर त्या दिवशी पुठ्ठ्याच्या भोकातून भिंतीवर कवडसा पाडा; कवडशालाही बाजूने चावा घेतलेला दिसेल.

आता वावरात या

वर सांगितलेली काठी २१-२२ डिसेंबरला जरूर रोवा. त्या दिवशी आपल्या जिल्ह्यात भर मध्यान्हीलाही सावली जवळजवळ काठीएवढीच लांब असते आणि ती उत्तरेला पडते. सकाळी साडेनऊच्या सुमारास ती पावणेदोन ते दोन पट होते आणि वायव्येला पडते. दुपारी सव्वातीनच्या सुमारास तितकीच लांब, ईशान्येला. मे महिन्यात जे झाड दुपारी आपल्या बुंध्यापुरती सावली देते तेच झाड पौषात वीस फूट उंच असेल तर वीस फूट वावर झाकते.

हे पैशाचे काम आहे. ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत आता गावोगाव सौर पॅनेल बसत आहेत. पॅनेलच्या एका कोपऱ्यावर सावली आली तर ‘कोपराच तर झाकला’ म्हणून सोडू नका. पॅनेलमधल्या चकत्या एकापुढे एक जोडलेल्या असतात. पाइप एका जागी दाबला की पुढची सगळी धार बारीक होते, तसेच इथे होते. आणि ही सावली येते कधी? गहू-हरभऱ्याला पाणी द्यायचे त्याच दिवसांत.

चिखली तालुक्यातल्या एका गावात असेच घडता घडता राहिले. मे महिन्यात पॅनेलची जागा ठरत होती. विहिरीजवळची मोकळी जागा सर्वांना पसंत पडली; दक्षिणेला वीसेक फुटांवर मोठा कडुनिंब, पण त्या दुपारी त्याची सावली बुंध्यापाशीच होती. घरातली सहावीतली मुलगी म्हणाली, ‘बाबा, इथं नका लावू. पूसात इथं निंबाची सावली येते, मी खुंटी ठोकली हाये.’ हिवाळ्यात शाळेने सावली मोजायला सांगितली होती, तेव्हा तिने काठी सोडून कडुनिंबाच्याच सावलीच्या टोकाला खुंटी ठोकली होती. बाप आधी हसला, मग गवत बाजूला करून पाहिले तर खुंटी जागेवर होती, पसंत केलेल्या जागेच्या बरोबर मध्ये. पॅनेल पूर्वेकडच्या उघड्या तुकड्यात गेले. पुढच्या डिसेंबरात मी त्या वाटेने गेलो तेव्हा पहिल्या जागेवर दुपारी बाराला कडुनिंबाची गार सावली पडली होती, गडी तिथे भाकर खात बसले होते, आणि पलीकडे पंप जोरात चालू होता. कडुनिंब तोडावा लागला नाही, हा आणखी एक फायदा.

झाडाची उंची काढायला चढायची गरज नाही. चार फुटांच्या काठीची सावली तीन फूट असताना झाडाची सावली पंधरा फूट भरली, तर झाड वीस फूट. ज्या बाजूने सावली येऊ शकते, म्हणजे दक्षिण, आग्नेय आणि नैर्ऋत्य, त्या बाजूंच्या झाडापासून पॅनेल झाडाच्या उंचीच्या किमान दुप्पट दूर ठेवा. झाड अजून वाढणार असेल तर वाढीव उंची धरा.

धुऱ्यावर नवे झाड लावतानाही हेच गणित. दक्षिणेच्या धुऱ्यावरचे झाड रब्बीत आपल्या पिकावर सावली टाकते, उत्तरेच्या धुऱ्यावरचे शेजाऱ्याच्या पिकावर. उत्तरेला पांदण किंवा नाला असेल तर त्या कडेला झाडे लावणे सोयीचे. शेजाऱ्याचे वावर असेल तर आधी त्याच्याशी बोला. एकत्र बसून काठीची सावली मोजली तर पुढचे भांडण टळते.

तेव्हा मंडळी, या शनिवारी रात्री दाराला धोतर बांधा आणि बॅटरी मुलांच्या हाती द्या. तुम्ही आणि आजी-आजोबांनी प्रेक्षकांत बसायचे आणि फक्त प्रश्न विचारायचे, ‘आता काय होईल सांग?’ उत्तर चुकले तरी रागवायचे नाही. पडदाच ते दुरुस्त करील. आणि २२ डिसेंबरला दुपारी साडेबाराच्या आत मुलांना घेऊन वावरात जा. दक्षिणेच्या धुऱ्यावरच्या प्रत्येक मोठ्या झाडाच्या सावलीच्या टोकाला एकेक खुंटी ठोका. खुंटी पक्की ठोका, वखरणीत उपटली जाणार नाही अशी. उन्हाळ्यात पॅनेलची जागा ठरवताना किंवा नवे झाड लावताना ती उपयोगी पडेल.